सरासरीने श्रीमंत

नीकुमोआ हा देश एका गुरुवारी जेवणाच्या सुमारास श्रीमंत झाला आणि शनिवारी भरती यायच्या आत पुन्हा गरीब झाला.

तसं काही झालं नाही. सरकारी दप्तरात त्या आठवड्यापुढे ‘विशेष काही नाही’ एवढंच लिहिलेलं आहे, आणि ते लिहिणारी नेई रोतिआ, म्हणजे रोतिआबाई, खोटं लिहिणाऱ्यांतली नाही. तेव्हा विशेष काही झालं नाही असं धरून पुढे जाऊ.

देशाचं सांख्यिकी खातं म्हणजे रोतिआ. खात्याकडे एक टेबल, एक खुर्ची आणि एक खिडकी. खिडकीतून जवळजवळ सगळा देश दिसायचा. जनगणनेच्या वर्षी ती खिडकीत उभी राहून मोजायची, दिसला नाही त्याच्या नावाने हाक मारायची, आणि ओ आली की टिंब द्यायची. लोकसंख्या नऊशेच्या आसपास. नक्की किती, ते बाळंतपणांवर आणि वाऱ्यावर ठरायचं.

अर्थव्यवस्थाही खिडकीतून दिसायची. डाव्या हाताला वाळत घातलेलं खोबरं. समोर लांबवर परक्या देशांच्या मासेमारी बोटी, त्या फी भरायच्या. उजवीकडे पोस्ट, तिथे जगभरच्या मालवाहू जहाजांवर काम करणाऱ्या नवऱ्यांचे आणि मुलांचे डॉलर यायचे. आणि धक्क्याला, आलं असेल तेव्हा, जहाज.

जहाजाचं नाव ‘फ्रेंडशिप-२’. एका लांबच्या, थंड देशातल्या संस्थेने ते नीकुमोआला गरीब देश म्हणून चालवायला दिलं होतं. डिझेल त्यांचं, पगार त्यांचे. फ्रेंडशिप-१ चं काय झालं हे विचारायचा धीर कुणाला झाला नव्हता. तांदूळ, पीठ, साखर, डब्यातलं बीफ, शाळेचे खडू आणि आजारी माणसं, सगळ्यांची ये-जा याच जहाजाने. रोतिआच्या दृष्टीने जहाजाचा उपयोग वेगळा होता. तिचा नवरा बिरिबो त्यावर आचारी होता, आणि जहाज महिन्यातून एकदा घरी यायचं म्हणून तोही यायचा.

जहाज नसतं तर तो मोठ्या मालवाहू जहाजावर गेला असता. सगळे जायचे. रोतिआचे वडील असेच अकरा महिन्यांच्या करारावर गेले होते. नऊ वर्षांनी उतरले तेव्हा त्यांनी रोतिआकडे बोट दाखवून बायकोला विचारलं, “ही कुणाची?” बायको म्हणाली, “शेजाऱ्यांची.” रागाने म्हणाली होती, पण ते दोन दिवस खरंच धरून बसले.

तर त्या गुरुवारी जहाज लागलं, आणि बिरिबो पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन उतरला.

“बाई आणलीय,” तो म्हणाला.

“कसली बाई?”

“संस्थेची. गोरी. पूर्ण प्रवासात ओकली, पण दर वेळी सॉरी म्हणाली. मारिट नाव आहे. जवळ फाइल आहे.”

“जाड का पातळ?”

“पातळ.”

रोतिआने पोत्याला हात लावला नाही. जाड फाइल असली की योजना असते, हे ती एवढ्या वर्षांत शिकली होती. पातळ फाइलमध्ये निर्णय असतो.

दुपारी सगळे मानेआबात जमले. मानेआबा म्हणजे गावाचं मोठं छप्पर. भिंती नाहीत, आणि प्रत्येक घराण्याची बसायची जागा पूर्वजांपासून ठरलेली. कुणी मेलं तरी त्याची जागा जात नाही, आणि ज्याला जागा नाही तो कितीही दिवस राहिला तरी पाहुणाच. मारिटबाई पाहुण्यांच्या चटईवर बसल्या. पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, डोक्याला मोठी हॅट. त्यांना शहाळं दिलं, नीरफणस दिला, माडीची काकवी दिली. मग त्यांनी फाइल उघडली.

“अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “तुमचा देश आता गरीब राहिलेला नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अभिनंदन म्हटल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात.

रोतिआचा सासरा तेन काबेआ मानेआबातला सगळ्यांत म्हातारा. पहिला बोलायचा मान त्याचा. त्याने स्वतःच्या लुंगीकडे पाहिलं, लुंगीच्या भोकातून दिसणाऱ्या गुडघ्याकडे पाहिलं.

“मी पण?” त्याने विचारलं.

“सरासरीने तुम्ही पण.”

“कधीपासून?”

“मागच्या वर्षापासून.”

“मला कुणी बोललं नाही,” काबेआ म्हणाला आणि सुनेकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“नाही, बाबा.”

“खातं तुझं आहे ना?”

मारिटबाईंनी समजावून सांगितलं. देशातल्या सगळ्यांची मिळकत एकत्र करायची, माणसांनी भागायची, येईल ती सरासरी. ती ठरलेल्या रेषेच्या वर गेली की देश गरिबांच्या यादीतून बाहेर. तशी ती गेली आहे. यादीतून बाहेर गेलेल्या देशाला संस्था जहाज देऊ शकत नाही. शनिवारी फ्रेंडशिप-२ परत जाईल ते शेवटचंच, फक्त अजून एक सही बाकी आहे, ती त्या परत पोचल्यावर करतील.

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. बिरिबो चुलीपाशी भाताचं झाकण हातात धरून उभा होता. रोतिआने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

“पण मिळकत वाढली कुणाची?” तिने विचारलं. “खोबरं तेवढंच आहे. फी तेवढीच आहे.”

मारिटबाईंनी कागदावर बोट टेकवलं. “वॉल्टर.”

सगळा मानेआबा हसला. हसताना एक-दोघांना ठसका लागला.

वॉल्टर हा सहा वर्षांपूर्वी शिडाच्या बोटीतून एकटाच जगाला फेरी मारायला निघालेला माणूस. बोट नीकुमोआच्या कातळावर चढली. काबेआने त्याला घरी आणलं, आपल्या खड्ड्यात लावलेला बाबाईचा कंद उकडून घातला, आणि माझ्या घरी जेवतो-झोपतो तो माझा मुलगा नाही तर कोण, म्हणून मानेआबात स्वतःशेजारी जागा दिली. झालं, वॉल्टर नातेवाईक झाला. आणि नातेवाईक झाला म्हणजे त्याच्यावर बुबुती लागू झाली.

बुबुती म्हणजे मागणं. नातेवाइकाने ‘बुबुती करतो’ असं म्हणून एखादी गोष्ट मागितली, तर नाही म्हणता येत नाही. म्हणता येतं, पण मग गावात तोंड दाखवता येत नाही, आणि नीकुमोआत तोंड न दाखवता राहण्याएवढी जागाच नाही. वॉल्टरकडून पहिल्या आठवड्यात दुर्बीण गेली. मग कंदील, बूट, किटली, घड्याळ. शिडाचं चर्चच्या स्वयंपाकघराला छप्पर झालं. इंजिन तीन घरांनी वाटून घेतलं, कुणाकडेच ते चालत नव्हतं. आता वॉल्टरकडे केतकीच्या पातीची एक चटई होती, एक ताटली होती, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की लोकांना त्याची काळजी वाटायची. त्याला आलटून पालटून मासे पाठवले जात.

“वॉल्टरला आम्ही जेवायला घालतो,” काबेआ मारिटबाईंना म्हणाला. “तुमचं काहीतरी चुकलंय.”

“त्यांचा लिफ्टची बटणं बनवायचा कारखाना आहे,” मारिटबाई म्हणाल्या. “युरोपातल्या लिफ्टमध्ये तुम्ही जे बटण दाबता, ते बहुतेक त्यांचं असतं.”

नीकुमोआत सगळ्यांत उंच इमारत म्हणजे मानेआबा. त्यामुळे या वाक्याने कुणाच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही. सगळ्यांनी वॉल्टरकडे पाहिलं. तो खांबाला टेकून नीरफणस खात होता.

“हो,” तो म्हणाला, “ते आहे.”

“कारखाना आहे आणि बोलला नाहीस?” काबेआने विचारलं.

“कुणी मागितला नाही.”

खरंच कुणी मागितला नव्हता.

आता याला मागच्या वर्षीच्या जनगणनेत मोजलं कुणी, तर रोतिआने. ज्याला मानेआबात जागा तो आपला, जो आपला तो मोजायचा, एवढाच तिचा नियम. तिने खिडकीतून हाक मारली होती आणि वॉल्टरने ओ दिली होती.

“खोडून टाक त्याचं नाव,” मागून कुणीतरी सुचवलं.

काबेआने मान न वळवता विचारलं, “कोण बोललं ते? माझ्या मुलाला जिवंतपणी खोडायला निघालाय. मेलेल्यांनाही आपण खोडत नाही.”

“मी जातो की परत,” वॉल्टर म्हणाला.

“बस खाली. बाप गरीब व्हावा म्हणून मुलगा घर सोडून गेला, असं शेजारच्या बेटांवर सांगायचं मी?”

वॉल्टर बसला. रोतिआ उठली. बिरिबोने अजूनही झाकण खाली ठेवलं नव्हतं. त्याने तिला महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं, जहाजाचं काही झालं तर त्याच्या मेहुण्याने मालवाहू जहाजावर जागा बघून ठेवली आहे, करार फक्त दोन वर्षांचा आहे. ‘फक्त’ हा शब्द त्याने हळू उच्चारला होता.

“भावजी,” ती वॉल्टरपुढे जाऊन म्हणाली, “मी बुबुती करते. मला तुमचा कारखाना हवाय.”

“घे,” वॉल्टर म्हणाला आणि नीरफणसाची शेवटची फोड तोंडात टाकली. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा तो दिसला. दुर्बीण देताना त्याला जास्त जड गेलं होतं.

जहाजावरून फोन लावला. पलीकडे त्याचा मॅनेजर होता. तो वीस वर्षं वॉल्टरकडे काम करत होता, त्याने फक्त एवढंच विचारलं, “नावाचं स्पेलिंग?” रोतिआ परत आली आणि मारिटबाईंसमोर उभी राहिली.

“झाला वॉल्टर गरीब. आता सरासरी काढा.”

मारिटबाईंना मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “सरासरी तीच आहे. कारखाना आता तुमचा. तुम्हीही इथल्याच.”

“मग त्याच्या नफ्यातून जहाज चालवता येईल?”

मारिटबाईंनी हिशेब केला, पुन्हा केला. “नाही. नफा सरासरीने श्रीमंत होण्यापुरता आहे. जहाज चालवण्यापुरता नाही.”

त्यानंतर जे झालं त्याला दोष देता येत नाही, रीतच तशी आहे. रोतिआच्या चुलत सासूने, नेई तेबाराने, तिच्याकडे बुबुती केली. कारखाना तिचा झाला. तेबाराकडे तिच्या पुतण्याने केली. पुतण्याकडे त्याच्या सासऱ्याने. कुणाला बटणं हवी होती असं नाही, पण गावात नवीन वस्तू आली की एकदा तरी घरात यावी असं वाटतंच. प्रत्येक वेळी जहाजावर जाऊन फोन. शेवटी मॅनेजर म्हणाला की आपण सगळे बदल संध्याकाळी एकदमच सांगितलेत तर बरं पडेल. शुक्रवारी दुपारी कारखाना फिरून फिरून परत रोतिआकडे आला, कारण तेबाराच्या पुतण्याच्या सासऱ्याची बायको म्हणाली की त्यामुळे तिला झोप लागत नाही, आणि रोतिआच्या पाया पडून तिने ‘परत माग’ अशी बुबुती केली.

हे वाक्य ऐकलं आणि रोतिआ हातातलं काम टाकून उभी राहिली.

“बाबा,” ती काबेआला म्हणाली, “कारखाना देशाबाहेर जायला हवा. बाहेरच्या कुणीतरी मागायला हवा.”

“बाहेरचा माणूस बुबुती करू शकत नाही. नात्यातला लागतो.”

“बाहेर राहणारा, पण नात्यातला.”

दोघांनी एकाच वेळी धक्क्याकडे पाहिलं. मारिटबाई तिथे पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

संध्याकाळी काबेआने त्यांना जेवायला बोलावलं. वाफवलेला मासा होता, बाबाई होता, ताजी माडी होती. मग त्याने त्यांना हाताला धरून पाहुण्यांच्या चटईवरून उठवलं, वॉल्टरच्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं की ही माझी मुलगी. मारिटबाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या देशात त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि शेजाऱ्यांशी लिफ्टमध्ये हवेबद्दल बोलायच्या. तासाभरात त्यांची हॅट काबेआने मागितली, पेन तेबाराने, सँडल पुतण्याने. त्यांनी सगळं हसत हसत दिलं. पण कारखान्याचं नाव काढताच त्यांनी हात मागे घेतले.

“मला भेट घेता येत नाही. नियम आहे.”

“ही भेट नाही पोरी,” काबेआ त्यांच्या हॅटखालून म्हणाला. “तू मागायचंस.”

“मागणं तर त्याहून वाईट.”

“नियमात लिहिलंय?”

“एवढं वाईट कुणी करेल असं नियम लिहिणाऱ्याला वाटलं नसेल.”

शनिवारी सकाळी जहाजाचा भोंगा झाला. बिरिबोने निघताना रोतिआला आपली चांगली सुरी दिली, कांदा कापायची. ती तो कधीच घरी ठेवून जात नसे. रोतिआने सुरी घेतली, कमरेला खोचली आणि जहाजाच्या फळीवर पाय ठेवलेल्या मारिटबाईंना गाठलं. मारिटबाई अनवाणी होत्या.

“वन्सं,” रोतिआ म्हणाली.

मारिटबाई थांबल्या.

“वन्सं, मी तुमच्याकडे बुबुती करते.”

“माझ्याकडे आता काही राहिलं नाही गं. फाइल तेवढी आहे.”

“वस्तू नको. एक काम मागते. तुम्ही माझ्याकडे कारखाना मागा.”

मारिटबाईंनी फाइल छातीशी धरली. धक्क्यावर अख्खा देश उभा होता, म्हणजे फार नाही, पण होता तेवढा सगळा. मागे काबेआ हॅट घालून वाट बघत होता. मुलगी म्हणून बसवून अजून रात्रच उलटली होती, आणि पहिल्याच मागणीला नाही म्हटलं तर त्याला ती हॅट डोळ्यांवर ओढून घरी जावं लागलं असतं.

“बुबुती करते,” मारिटबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. “कारखाना.”

“घ्या,” रोतिआ म्हणाली.

फोन लागला. मॅनेजरने स्पेलिंग विचारलं. मारिटबाईंनी तिथेच धक्क्यावर बसून नवी सरासरी काढली, पातळ फाइलमधला कागद फाडला आणि समुद्रात टाकला. मग त्यांनी काबेआला विचारलं की हा कारखाना मी विकला तर चालेल का. काबेआला धक्काच बसला. बुबुतीत मिळालेलं विकत नाहीत, तो म्हणाला. कुणी मागितलं तर द्यायचं, नाहीतर सांभाळायचं. मारिटबाईंनी मान डोलावली. मुलगी शहाणी होती, सांगितलेलं लक्षात ठेवणारी.

बिरिबोने सुरी परत मागितली. जहाज गेलं. रोतिआने दप्तरात ‘विशेष काही नाही’ असं लिहिलं.

पुढच्या महिन्यात जहाज आलं, बिरिबो आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. तिसऱ्या महिन्यात तो पोतं न घेता उतरला.

“वन्संचा निरोप आहे,” तो म्हणाला. “त्यांनी ऑफिसात सगळं खरंखरं सांगून टाकलं.”

“अरे देवा.”

“साहेब म्हणाले, कारखाना ठेवा किंवा नोकरी ठेवा. मग वन्संनी ऑफिसात सगळ्यांना विचारलं, कुणाला कारखाना मागायचाय का. तिथे कुणी कुणाकडे काही मागत नाही म्हणे. विकायचा तर नाही, बाबांनी सांगितलंय. मग त्यांनी राजीनामा लिहून दिला. पुढच्या फेरीला येतायत.”

“किती दिवस?”

“कायमच्या. म्हणाल्या, घरी येते. माझी जागा आहे तिथे.”

मागच्या अंगणात काबेआ शिडीवर चढून मुलीसाठी झोपायच्या माचाचं छप्पर शाकारत होता. डोक्यावर हॅट होती. वॉल्टर खालून त्याला केतकीच्या पाती देत होता आणि ताई आली की काय काय दाखवायचं ते सांगत होता. येऊ नको असं मुलीला कळवणं शक्य नव्हतं. आल्यावर तिला न मोजणंही शक्य नव्हतं. खिडकीतून हाक मारली की ती ओ देणार.

बिरिबोने कमरेची सुरी काढून टेबलावर ठेवली. रोतिआने ती बाजूला सरकवली, कोरा कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं:

“मा. संचालक यांस,

विषय: आपल्या कार्यालयातील श्रीमती मारिट यांचा राजीनामा नामंजूर करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, श्रीमती मारिट या आमच्या कुटुंबातील असून आम्हाला त्या अतिशय प्रिय आहेत. सबब त्यांना इकडे येऊ देऊ नये. त्यांना कामावर परत घ्यावे व बढती द्यावी. रजा देणे भाग पडल्यास ती डोंगराळ प्रदेशात घेण्याची अट घालावी. हे न जमल्यास आपल्या कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्याने त्यांच्याकडे कारखाना मागावा. लाज वाटत असल्यास डोळे मिटून मागावा, आमच्याकडे लहान मुले तसेच करतात. हेही न जमल्यास आपण स्वतः एकदा येथे येऊन आमच्यात बसून जेवावे, म्हणजे प्रस्तुत अर्ज नामंजूर करणे आपल्याला शक्य होणार नाही. येण्याजाण्याचा खर्च कृपया आपला आपण करावा, कारण हा देश गरीब आहे व त्यास तसेच राहू द्यावे, ही नम्र विनंती.”